डॉ. सुब्बाराव

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे झाला. तरुणपणी त्यांनी दोन भाऊ संग्रहणीच्या रोगाने गमावले.

१९२३ साली ते अमेरिकेला गेले. रात्री रुग्णालयात काम करून त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण घेतले. स्नायूंना शक्ती कोठून मिळते, याचा ते शोध घेऊ लागले. १९२९ साली त्यांना व डॉ. फिस्क यांना स्नायूंत एटीपी हे द्रव्य आढळले. पेशींना शक्ती देणारे द्रव्य ते हेच!

पुढे १९४५ च्या सुमारास त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्ल तयार केले. हे जीवनसत्त्व पालेभाज्यांत असते. संग्रहणीच्या रोग्यांना ते गुणकारी ठरले. भावांना मिळाले नाही, ते औषध इतरांना मिळाले.

शब्दार्थ : संग्रहणी – आतड्यांचा एक रोग, गुणकारी – फायदा करणारे.

प्रश्न : फॉलिक आम्ल कोणत्या रोगावर गुणकारी ठरले?