परसातील कोंबड्यांचे धूळस्नान : पावसाळ्यात विशेष दक्षता

बेंगळुरू येथील कृषी विज्ञान विद्यापीठात विकसित झालेली गिरिराज कोंबडी महाराष्ट्रातील परसातही चांगली रुळली आहे. उघड्यावर हिंडून चारा वेचणारा पक्षी म्हणूनच तिची शिफारस केली जाते. अशा सुधारित पक्ष्यांसोबत खाद्य, पाणी व लसीकरण यांची माहिती पशुपालकांपर्यंत पोहोचते. धूळस्नानाचा विषय मात्र बहुधा राहून जातो. कोंबडी मातीत लोळून आपली सोय आपणच करते, असा सार्वत्रिक समज आहे. उन्हाळ्यात तो खरा असतो. पावसाळ्यात मात्र अंगणातील कोरडी माती नाहीशी होते. बेंगळुरू परिसरात पावसाचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही असतो, तर कोकणात चार महिने जमीन वाळतच नाही. अशा काळात, तसेच सिमेंटच्या अंगणात वा गच्चीवर पाळलेल्या पक्ष्यांना बाराही महिने, कोरडी माती पालकानेच पुरवावी लागते.

धूळस्नानाचे प्रयोजन

कोंबडी पायांनी खळगा उकरते, पंख फडफडवून माती पिसांच्या मुळापर्यंत पोहोचवते, अंग घासते आणि शेवटी उठून सर्व माती झटकून टाकते. ही क्रिया साधारणतः दिवसाआड, दुपारच्या सुमारास, वीस ते तीस मिनिटे चालते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल कोंबडी पिसांना लावते. त्यातील जुने, चिकट झालेले तेल माती शोषून घेते. त्यामुळे आतील मऊ पिसे मोकळी राहतात व थंडीपासून संरक्षण मिळते. त्याचबरोबर अंगावरील उवांचे प्रमाणही कमी होते. ही प्रेरणा इतकी प्रबळ असते की तारेच्या पिंजऱ्यातील कोंबडी माती नसतानाही लोळण्याच्या हालचाली करते.

अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीची गरज विशेष असते. ती दिवसातून थोडाच वेळ उठते आणि तेवढ्यात खाणे, पिणे व धूळस्नान उरकते. अंगावर उवा वाढल्यास ती अस्वस्थ होऊन अंडी सोडते. पिल्ले निघाल्यास उवा त्यांच्यावरही जातात. म्हणून तिच्यासाठी कोरडी माती जवळच ठेवावी.

पेटी व मिश्रण

आठ-दहा कोंबड्यांसाठी सुमारे तीन फूट लांब, दोन फूट रुंद व एक फूट खोल लाकडी पेटी पुरते. जुना मोठा टायरही चालतो. पेटीत सहा ते आठ इंच मिश्रण भरावे :

• चाळलेली कोरडी माती – २ भाग
• बारीक वाळू – १ भाग
• लाकडाची, पूर्ण थंड झालेली चाळलेली राख – १ भाग

बेंगळुरूकडील लाल माती मोकळी असल्याने सहज वापरता येते. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती ओलाव्याने चिकटते व वाळल्यावर तिची ढेकळे होतात. तेथे वाळूचे प्रमाण वाढवावे. रंगवलेले लाकूड वा प्लॅस्टिक जाळून झालेली राख वापरू नये. राख भिजल्यास त्वचेला व डोळ्यांना दाहक ठरते. पेटी छपराखाली, परंतु खुराड्याबाहेर मोकळ्या हवेत ठेवावी, म्हणजे बंदिस्त जागेत धूळ साचून श्वसनाचा त्रास होणार नाही. विष्ठा रोज काढावी, ओले झालेले मिश्रण तत्काळ बदलावे.

मर्यादा ओळखाव्यात

कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धूळपेटीत डायटोमेशियस अर्थ, केओलिन माती व गंधक यांची तुलना केली. तिन्ही पदार्थांनी पेटी वापरणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरील परजीवी एका आठवड्यात ८० ते १०० टक्के कमी झाले. पेटी काढल्यानंतर मात्र केवळ गंधकाचा परिणाम टिकला. गंधक वा कोणतीही कीटकनाशक भुकटी मिसळण्यापूर्वी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

उवा आयुष्यभर पक्ष्याच्या अंगावरच राहतात, त्यामुळे धूळस्नान त्यांच्यापर्यंत पोहोचते. लाल माइट व कोंबड्यांवरील गोचीड दिवसा खुराड्याच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त शोषतात. त्यांच्यावर धूळपेटीचा उपाय पुरत नाही. भेगा बुजवणे, बसण्याचे दांडे स्वच्छ करणे व भिंतींना चुना लावणे आवश्यक ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांनी भेटीच्या वेळी गुदद्वाराभोवतीची व पंखांखालची पिसे बाजूला करून पाहावीत. पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसल्यास ती उवांची अंडी समजावीत. तुरा फिका पडलेला, अंडी घटलेली आणि अंगावर मात्र काहीच दिसत नसेल, तर रात्री बॅटरीच्या उजेडात दांड्यांची खालची बाजू तपासण्यास पालकाला सांगावे. दोष अंगावर आहे की खुराड्यात, हे ठरल्यावरच उपाय सुचवावा.