वासाबरोबर नत्रही जातं, बयो

अगं, कोंबड्यांची बॅच उचलली, आता शेडमधलं तूस आणि विष्ठा थेट रानात ओढून टाकायची, असं तू फोनवर म्हणालीस तेव्हाच तुला थांबवणार होते. पण तुझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या, म्हणून गप्प राहिले. आता निवांत सांगते.

कोंबडखत कडक, हे तुलाही ठाऊक आहे. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, यात तीन टक्क्यांच्या आसपास. पण ओल लागली की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. शेडमध्ये डोळे चुरचुरतात ना, ते त्यानंच. म्हणजे शेजाऱ्यांची बोलणी तुम्ही खायची, माश्या तुम्ही पोसायच्या, नत्र वाऱ्यावर सोडायचं आणि वर युरियाची गोणी विकत आणायची! ताजं खत मिरचीच्या बुडाशी पडलं की रोप करपतं ते वेगळंच.

तुमच्याकडे कपाशीची पऱ्हाटी ढिगानं असते. बोंडअळीच्या धाकानं तुम्ही ती बांधावर पेटवून मोकळे होता. तीच पेटव, पण खड्ड्यात. वर रुंद, खाली निमुळता खड्डा घ्यायचा आणि वाळलेली पऱ्हाटी वरच्या बाजूनं पेटवायची. काड्यांवर पांढुरकी राख धरू लागली की लगेच पुढचा थर टाकायचा. वरची ज्योत हवा खाऊन टाकते, खालच्या काड्यांची राख न होता कोळसा होतो. खड्डा भरत आला की भरपूर पाणी ओतून विझवायचं. इथे हात आखडलास तर सकाळी राखच मिळेल. आणि कोळसा ओला असतानाच ठेच, कोरडी भुकटी छातीत जाते.

याला आता सगळे बायोचार म्हणतात. तो तसाच शेतात टाकू नकोस. कोरा कोळसा म्हणजे उपाशी पाहुणा, आधी स्वतः जेवणार. मातीतलं नत्र धरून बसतो आणि पीक पिवळं पडतं. त्याचं पोट कोंबडखतातच भरायचं. वजनानं दहा भाग खताला एक भाग कोळसा, थोडं पाचट, आणि ओल इतकीच की मूठ दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. उडून जाणारा बराचसा अमोनिया कोळशाच्या छिद्रांत अडकतो, वासही उतरतो. दोन-तीन दिवसांनी ढिगात सळई खुपसून बघ, बाहेर काढल्यावर हात लावू देत नाही. आतली उष्णता 55 ते 60 अंशांवर काही दिवस टिकली की साल्मोनेलासारखे जंतू आणि तणाचं बी मरतं. कडेचा माल मात्र थंड राहतो, म्हणून आठवड्याला ढीग उलटायचा. दोनेक महिन्यांनी थोडं खत कुंडीतल्या मातीत मिसळून मेथी पेर. नीट उगवली तर खत तयार.

आता कोळशाचे गोडवे गाणारे जे सांगत नाहीत ते. बायोचार अल्कधर्मी असतो. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीला तो मानवतो. तुमची काळी जमीन मुळातच चुनखडीची, सामू आठच्या वर. तिथे कोळशाचा मारा केलास तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होईल. शिवाय कोंबडखतात क्षारही असतात आणि स्फुरदही भरपूर. त्यामुळे चोपण तुकड्याला हे खत नको, आणि जिथे टाकशील तिथली डीएपी कमी कर. दोन्ही घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

जावईबापूंना एकदम पाच एकर सुचतील, मी ओळखून आहे त्यांना. यंदा मिरचीच्या चार सऱ्याच घ्या, शेजारच्या चार नेहमीसारख्या ठेवा. त्याआधी माती तपासून घे आणि रिपोर्ट मला व्हॉट्सअॅपवर पाठव, मग एकरी किती टाकायचं ते आपण ठरवू.