आधी सासूबाईंना मागे बसव

अगं, किती तो घोळ! तुझ्या वहीतला तक्ता बघितला मी. पाच गाड्या, बावीस रकाने! खरं सांगू का, नणंदेचं स्थळ बघताना आम्ही एवढी चौकशी केली नव्हती. मिट ती वही आणि आधी चहा घे.

माझी फजिती ऐक, म्हणजे धीर येईल. पहिली गाडी घेताना मी दोनच गोष्टी बघितल्या, काळा चकचकीत रंग आणि सीएनजीचं ॲव्हरेज. आखाजीला धुळ्याला माहेरी गेले. परतताना आईने उडदाचे पापड, बिबडे, गव्हाचा कट्टा, सगळं ओट्यावर मांडून ठेवलेलं. डिक्की उघडली, तर आत सिलिंडर ऐसपैस पसरलेला! मग काय, पापडांचा डबा मांडीवर, गहू पायाशी, अशी जळगावपर्यंत आले. वरून ते ऊन आणि काळी गाडी. तव्यावरच्या भाकरीचे हाल त्या दिवशी कळले बघ.

म्हणून आधी डिक्की. पेट्रोलवाल्या डिझायरची डिक्की 382 लिटर, होंडा सिटीची 506. आपल्या हिशेबात जवळजवळ दोन कट्टे गव्हाचा फरक. पण सिटी आवडली म्हणून लगेच हुरळू नको हं. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी 18 टक्के आहे. डिझायर आणि अमेझ त्यात बसतात. सिटी, व्हर्ना गेल्या 40 टक्क्यांत. शिवाय रोड टॅक्स आणि इन्शुरन्स वेगळे, तेव्हा भाव विचारायचा तो ऑन-रोडच.

मुलं लहान आहेत म्हणून सुरक्षेची धास्ती घेतलीयस ना? 2024 च्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळालेत. तेवढी चिंता सोड.

खरी परीक्षा सासूबाईंच्या गुडघ्यांची. सेडान खाली असते गं, वाकून बसावं लागतं, उठताना दाराला धरावं लागतं. त्यांना मागे तीनदा बसव, उतरव. ‘चालेल’ म्हणाल्या तरी चेहरा बघ! मग भर दुपारी दोनला सगळं घर कोंबून लळिंगच्या घाटाकडे चक्कर मार. एसी चालू ठेवून चढावर गाडी कुंथते का, मागे गारवा पोचतो का, स्पीडब्रेकरला पोट घासतं का, ते तिथेच कळेल. सेल्समन घाई करेल, करू दे. पैसे तुझे आहेत.

माझं ऐकशील तर पांढरी, पेट्रोलवाली, चार मीटरच्या आतली घे. रविवारी मी येतेच आहे धुळ्याला. टोकन तोवर देऊ नको. गव्हाचा कट्टा मी आणते, शोरूममध्येच डिक्कीत टाकून बघू.