गिअर कडक पडतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी चावी बंद करून बघा

आजचा धडा आपल्या गॅरेजवाल्या भावांसाठी आहे, पण ज्यांची स्वतःची पिकअप किंवा टेम्पो आहे त्यांनीही वाचावा. पैसे शेवटी तुमच्याच खिशातून जातात.

सीताफळाचा सीझन होता. धारूरकडचा एक पिकअपवाला माल भरून घाट उतरून तेलगाव-वडवणीमार्गे बीडला निघाला होता. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव मोठं झालं. पण मानांकन मिळालं म्हणून फळ थांबत नाही. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं. आणि याचा गिअर घाटातच अडायला लागला. पहिला पडेना, रिव्हर्स टाकला की खर्रर्र आवाज. कसाबसा एका गॅरेजला पोचला. मिस्त्रीने लिव्हर दोनदा हलवून बघितला आणि निकाल दिला: "गिअरबॉक्स गेलाय. उतरवावा लागेल, दोन दिवस लागतील."

दोन दिवस म्हणजे अख्खा माल गेला. त्याने मला फोन केला. मी एकच विचारलं, "गाडी बंद करून गिअर पडतात का?" बंद गाडीत पाचही गिअर आणि रिव्हर्स लोण्यासारखे पडत होते. म्हणजे गिअरबॉक्स बहुतेक ठीक होता, क्लच सुटत नव्हता.

हे असं का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पाठ करायची गरज राहणार नाही. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटले पाहिजेत. पूर्ण सुटले नाहीत तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनबरोबर फिरतच राहतो. सिंक्रो रिंगचं काम वेग जुळवायचं. पण मागून इंजिन ढकलतंय म्हटल्यावर ती बिचारी कुठवर जुळवणार? म्हणून गिअर अडतो. इंजिन बंद केलं की फिरणारं काहीच उरत नाही आणि गिअर सहज पडतो. (बंद गाडीत एखादा गिअर दातावर दात येऊन अडला तर लगेच शिक्का मारू नका. क्लच सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी किंचित ढकला आणि परत टाकून बघा.)

खात्री करायला आणखी एक चाचणी आहे. सपाट जागा, गाडीच्या पुढे-मागे कुणी नाही, इंजिन आयडलला. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खरखर आली तर शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. पहिला गिअर टाकून क्लच दाबूनच ठेवल्यावर गाडी पुढे सरकायला बघत असेल तर शंकाच नको.

आता क्लच का सुटत नाही, ते शोधायचं. सगळ्यात आधी पेडलखाली बघा. हसू नका, जाड मॅट पेडलखाली सरकल्यामुळे पेडल पूर्ण न दाबलं जाणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात. केबलचा क्लच असेल तर फ्री प्ले तपासा आणि केबलच्या तारा तुटायला लागल्यात का ते बघा. हायड्रॉलिक असेल तर डब्यातल्या ऑइलची लेव्हल बघा आणि पेडल भराभर तीन-चार वेळा मारून गिअर टाका. असं केल्यावर गिअर सहज पडला, तर लाईनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलंय. आपल्या सीताफळवाल्याचं हेच निघालं. स्लेव्ह सिलिंडरचं रबर बूट मागे सारलं तर आतून ओलं. सिलिंडर बदलला, हवा काढली, गाडी संध्याकाळच्या आत बीडला. काही गाड्यांत हा सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत असतो, तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही.

एक गोष्ट कधीच करू नका. लेव्हल कमी दिसली म्हणून जवळ असलेलं इंजिन ऑइल त्या डब्यात ओतू नका. रबर सील फुगतात आणि पूर्ण सिस्टिम खराब होते. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो. घाटात उतरणाऱ्या गाडीत ही चूक कुठवर जाईल ते सांगायला नको.

बंद गाडीतही सगळेच गिअर कडक असतील तर बाहेरून सुरुवात करा: लिव्हरचे बुश, गिअर केबल किंवा रॉड, इंजिन माउंटिंग. ते ठीक असेल तरच आत जायचं. फक्त एकच गिअर, समजा तिसराच, चालू गाडीत त्रास देत असेल तर त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर संशय घ्या. आणि डिसेंबरच्या पहाटे कडक, गाडी तापल्यावर मोकळा, असं असेल तर गिअर ऑइल बघा. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलंय तर जीएल-५ घालू नका. त्यातल्या रसायनांमुळे सिंक्रो नीट पकडत नाही.

आता धंद्याचं बोलू. बरेच मिस्त्री मला म्हणतात, "सर, पाच मिनिटांच्या तपासणीचे पैसे कसे मागायचे? लाज वाटते." उतरवलेला गिअरबॉक्स गिऱ्हाईकाला डोळ्यांनी दिसतो, तपासणी दिसत नाही, म्हणून ही लाज. मग ती दिसेल अशी करा. चाचणी करताना गाडीवाल्याला ड्रायव्हर सीटवर बसवा, गिअर त्याच्याच हाताने टाकायला लावा. जॉब कार्डवर लिहा: गाडी बंद, गिअर मोकळे, गाडी चालू, गिअर कडक, पेडल मारल्यावर मोकळे. खाली तपासणीची रक्कम, आणि ती काम सुरू करायच्या आधीच तोंडी सांगितलेली. त्या सीताफळवाल्याने पैसे विनातक्रार दिले, आणि पुढच्या आठवड्यात भावाचा टेम्पो घेऊन आला. त्या टेम्पोचा तिसरा गिअर खरंच गेला होता. तो गिअरबॉक्स आम्ही उतरवला.