झोप, अभ्यास आणि धम्म

उपासक-उपासिकांनो,

घरातील देव काढले, एवढ्याने धम्म घरात येत नाही. आपण कसे निजतो, कसे उठतो, कामात चित्त कसे लावतो, यातही धम्म आहे. भगवान बुद्धांनी मैत्रीभावनेचे अकरा लाभ सांगितले. सुखाने झोप येणे, सुखाने जाग येणे आणि चित्त लवकर एकाग्र होणे हे त्यांतलेच.

कळमनुरी-सेनगावकडचे पालक विचारतात, "घर एका खोलीचे, पोराने अभ्यास करावा कुठे?" परळच्या चाळीत बाबासाहेबांचे घरही एका खोलीचेच होते. सुभेदार रामजी मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. जागा अपुरी होती, पण बापाची शिस्त पुरी होती.

मात्र रात्र-रात्र जागणे म्हणजे अभ्यास नव्हे. अतिश्रमाने थकलेल्या सोण भिक्खूला बुद्धांनी वीणेचा दाखला दिला: तार फार ताणलेली नको, फार सैलही नको.

म्हणून एवढे करा. निजण्याची व उठण्याची वेळ ठरवा. मूल अभ्यासाला बसले की टीव्ही-मोबाईल बंद ठेवा. निजण्यापूर्वी सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हणून पाच मिनिटे शांत बसा. पाचवे शील मोडून आलेला एक माणूस साऱ्या घराची झोप मोडतो, हे विसरू नका. आपल्याकडे हळद शिजवण्याचे दिवस आणि दहावीची परीक्षा एकदमच येतात. त्या दिवसांत तरी मुलाला कढईपासून मोकळे करा.

रामजीबाबांनी आपली झोप दिली. आपण निदान मुलाची झोप मोडू नये.

जय भीम!