पहिला लेखक कवी की कारकून?

प्रश्न : माणसाने लिहायला सुरुवात केली ती देवाच्या स्तोत्रांसाठी की राजाच्या हुकमांसाठी? आणि लिहिता येऊ लागल्यावर फरक काय पडला?

उत्तर : देव आणि राजा दोघेही तुमच्या ध्यानात आले, जव आणि मेंढ्या मात्र राहून गेल्या! दक्षिण इराकमधल्या उरुक शहरी, मंदिराच्या आवारात, इ.स.पू. ३३०० ते ३००० या काळातल्या हजारो मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या बहुतेक हिशेबाच्या आहेत. उरलेल्यांवर शब्दांच्या याद्या आहेत, त्या बहुधा शिकाऊ कारकुनांनी घोटवण्यासाठी. स्तोत्र एकही नाही.

कारण सरळ आहे. उरुक वाढत गेले तसे मंदिराच्या कोठारात धान्य येऊ लागले आणि मजुरांना शिधा जाऊ लागला. एवढी देवघेव तोंडी कोण लक्षात ठेवणार? मोजणीसाठी मातीच्या गोट्या आधीपासून होत्याच. पुढे त्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर मोहोर उठवू लागले. पण आत किती आहेत हे गोळा फोडल्याशिवाय कळेना, म्हणून बाहेरूनही तेवढेच ठसे उमटवले. ठसेच वाचता येतात म्हटल्यावर आतल्या गोट्यांचे काम उरले नाही. गोळ्याची पाटी झाली ती अशी, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे.

एका पाटीवर ३७ महिन्यांतले २९,०८६ मापे जव नोंदले आहेत आणि शेवटी ‘कुशिम’. हे माणसाचे नाव की हुद्द्याचे, यावर अजून वाद आहे. माणसाचे असेल तर आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक बिअरच्या जवाचा हिशेब ठेवणाऱ्याचे आहे. राजेमंडळींनी रागावू नये.

लिपी म्हणजे बोलणे उतरवून घेणे, हाही एक गैरसमज. या पाट्यांवर वाक्येच नाहीत. किराण्याच्या यादीसारखे नुसते जिन्नस आणि आकडे. हळूहळू एकाच उच्चाराचा फायदा घेतला गेला : सुमेरी भाषेत ‘ती’ म्हणजे बाण आणि ‘ती’ म्हणजे जीवनही, तेव्हा बाणाचे चित्र काढून जीवन लिहिता आले. स्तोत्रे आणि कथा पाट्यांवर दिसतात त्या इ.स.पू. २६००च्या आसपास.

परिणाम? कर्ज देणारा मेला तरी कर्ज जिवंत राहू लागले. कधी न पाहिलेल्या गुराख्याला अधिकारी शहरात बसून मेंढ्यांचा जाब विचारू लागला. लिपीशिवाय राज्य चालतच नाही, असे मात्र समजू नका. पेरूच्या इंकांनी दोऱ्यांच्या गाठींवर साम्राज्याचा हिशेब सांभाळला.

लिहिणाऱ्यांचा भाव अर्थातच वधारला. उरचा राजा शुल्गी स्वतःच्या स्तुतिगीतांत पाठशाळेतल्या हुशारीची फुशारकी मारतो. राजाला लिहिता येणे ही मिरवण्याची गोष्ट होती, यावरून बाकीच्या राजांचा अंदाज बांधावा.