रात्री हाताला मुंग्या येतात

प्रश्न : माझं वय ४६. पोळीभाजीचे डबे करते. दोन-तीन महिन्यांपासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. मणक्याचा त्रास असेल का?

उत्तर : ताई, आधी करंगळीकडे लक्ष द्या. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, पण करंगळी सुटते, असं असेल तर दुखणं बहुधा मनगटातलं आहे : कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरा आणि मीडियन नस जाते. तिथे सूज आली की नस दबते. झोपेत मनगट दुमडतं, दाब आणखी वाढतो. म्हणून त्रास रात्री जास्त.

मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून झोपा, निदान ६ आठवडे. कणीक मळायला काही दिवस मदत घ्या. साखर आणि थायरॉइड तपासाच. दोन्हींमुळे हा आजार होतो. तपासणीशिवाय नुसत्या ‘ताकदीच्या’ गोळ्या घेत राहू नका, त्यात मोलाचा वेळ जातो.

फरक न पडल्यास अस्थिरोगतज्ज्ञ नसेची एनसीव्ही चाचणी सांगतील. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने अनेकांना काही महिने आराम पडतो. मात्र हातातून भांडी निसटू लागली किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर शस्त्रक्रिया लांबवू नका. ती छोटी असते, बहुतेकदा फक्त हात बधिर करून होते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. लाटणं मात्र काही आठवडे बंद.